ओटीपोटाचा तळ : एका अबोल दुखण्याचा इतिहास



शिरूर या नांवाचीं गांवें आपल्या महाराष्ट्रांत अनेक आहेत. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठचें एक, लातूर जिल्ह्यांत शिरूर अनंतपाळ व शिरूर ताजबंद, आणि बीड जिल्ह्यांत सिंदफणा नदीच्या कांठचें शिरूर कासार. या शेवटच्या गांवाच्या नांवांत कासार आहे, हें आजच्या विषयाच्या दृष्टीनें मला लक्षांत घेण्यासारखें वाटतें. कारण खेड्यांतील बायकांचें सुखदुःख ज्या मोजक्या परक्या पुरुषांच्या कानांवर जाई, त्यांत बांगड्या भरणारा कासार हा एक होता. तथापि ज्या दुखण्याविषयीं मी आज बोलणार आहें, तें त्याच्याहि कानीं सहसा गेलें नसावें. तें नवऱ्याच्या कानीं जात नाहीं, सासूच्या कानीं जात नाहीं, आणि पुष्कळदां वैद्याच्याहि कानीं जात नाहीं. ज्या गोष्टीचा उच्चारच होत नाहीं तिचा इतिहास सांगावयाचा म्हणजे अडचणीचें काम. पण त्या मौनाचाहि कांहीं इतिहास असतो, आणि शिरूर कासारच्या परिसरांत त्या मौनाची किंमत किती मोठी पडली, हें आतां उघड झालें आहे.

आधीं दुखणें कोणतें तें सांगितलें पाहिजे. आपल्या ओटीपोटाच्या तळाशीं, पुढील जघनास्थि आणि मागील माकडहाड यांच्या दरम्यान, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तिन्ही अवयव या झोळीनें तोलून धरलेले असतात, आणि त्यांचीं तिन्ही द्वारें हीच झोळी आवळते वा सैल सोडते. चार पायांवर चालणाऱ्या जनावराच्या पोटांतील भार पोटाच्या भिंतीवर पडतो. मनुष्य दोन पायांवर उभा राहिला आणि तो भार या लहानशा तळावर आला. प्रसूतीच्या वेळीं याच स्नायूंतून मूल बाहेर पडतें, तेव्हां ते विलक्षण ताणले जातात, कधीं फाटतात. पुढें त्यांना विसांवा मिळाला, त्यांना पुन्हां कामाला लावलें, तर बहुधा ते सांवरतात. तसें झालें नाहीं तर खोकतां, शिंकतां, ओझें उचलतां लघवी सुटते. कंबरेंत ओढ लागते. आणि एखाद्या दिवशीं गर्भाशय किंवा मूत्राशयाची भिंत खालीं उतरून हाताला लागते. या शेवटच्या अवस्थेला आपल्या बायका ‘अंग बाहेर येणें’ म्हणतात. शब्द किती सूचक आहे पाहा. कोणतें अंग तें सांगितलेलें नाहीं. ऐकणारीनें समजून घ्यावें.

आमच्या जुन्या वैद्यकाला मात्र असा संकोच नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील तिसाव्या अध्यायांत आणि सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत योनीच्या वीस व्याधि सांगितल्या आहेत. त्यांत चरकाची ‘महायोनि’ आणि सुश्रुताची ‘प्रस्रंसिनी’ यांचीं वर्णनें वाचलीं म्हणजे हेंच दुखणें त्यांच्या डोळ्यांपुढें होतें याविषयीं शंका राहत नाहीं. उपाय म्हणून चरक स्नेहन, स्वेदन आणि त्यानंतर हातानें अवयव स्वस्थानीं बसविणें हा क्रम सांगतो. आणि आपल्या स्थानावरून ढळलेला हा अवयव स्त्रीच्या शरीरांत शल्याप्रमाणें सलतो, असेंहि तो म्हणतो. हें वाक्य लिहिणाऱ्यानें कोणा तरी स्त्रीचें गाऱ्हाणें मन लावून ऐकलें असलें पाहिजे असें मला वाटतें. त्याच संहितेंत शारीरस्थानांत बाळंतिणीला स्नेहपान देऊन तिचें पोट मोठ्या वस्त्रानें गुंडाळावें, असें सांगितलें आहे. पोट बांधण्याची ती चाल आमच्या घरांतून अद्याप सर्वस्वीं गेलेली नाहीं.

त्या मानानें जुन्या ग्रीकांचा उपाय रांगडा. हिप्पोक्रेटीसच्या परंपरेंतील ग्रंथांत अशा स्त्रीला शिडीला बांधून, पाय वर व डोकें खालीं करून, ती शिडी हालविण्याचा उपचार आहे. दुसरा उपाय डाळिंबाचा : अर्धें डाळिंब आंत बसवून अवयवाला टेकू द्यावयाचा. हसूं येतें खरें. पण टेकू देण्याची ती कल्पना चुकीची नव्हती. डाळिंबाच्या जागीं पुढें लांकूड, मेण, रबर अशीं साधनें आलीं आणि आज सिलिकोनचें कडें आलें आहे. दवाखान्यांत त्याला ‘रिंग’ म्हणतात. शस्त्रक्रिया नको असणाऱ्या किंवा न सोसणाऱ्या स्त्रीला ती आजहि मोठा आधार देते.

आतां आपल्या घराकडे येऊं. बाळंतिणीची बाज, खालीं शेगडी, ओव्याशेपांची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आणि सव्वा महिन्याची विश्रांति ही महाराष्ट्रांतील घराघराची रीत. तींत भाबडेपणा पुष्कळ होता; कोंदट खोली, धूर आणि सोवळेंओवळें यांनीं अपायहि झाला. परंतु त्या रीतीच्या पोटांत एक शहाणपण होतें : या काळांत बाईनें पाण्याचा हंडा उचलावयाचा नाहीं, जात्यावर बसावयाचें नाहीं. ताणलेल्या स्नायूंना एवढी सवड पुष्कळ उपयोगी पडते. मात्र हा सव्वा महिना कोणाच्या वांट्याला येई? ज्या घरांत हंडा उचलणारी दुसरी बाई असे, तिच्या. जी मोलमजुरीवर जगे ती दहा-बारा दिवसांत शेतावर जाई, आणि तिच्याविषयीं ‘कष्टकरी बायकांना असलें कांहीं होत नाहीं’ असें घरांत बसणाऱ्या बायकाच म्हणत. ही समजूत इतकी रुजलेली आहे कीं शिकलेलीं माणसेंहि ती आजपर्यंत बोलून दाखवितात.

या विषयाला नव्या शास्त्राच्या दारांत नेणारें पहिलें मराठी नांव म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचें. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांत १८८६ सालीं पदवीसाठीं त्यांनीं जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र. परदेशांत जाऊन तेथील नवें ज्ञान घेणाऱ्या या तरुण स्त्रीनें लिहावयाला घेतलें तें आपल्या जुन्या ग्रंथांतील बाळंतिणीविषयीं, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. पुढच्याच वर्षीं, १८८७ च्या फेब्रुवारींत, त्या पुण्यास वारल्या. त्यांच्या हातून या ज्ञानाचा जो उपयोग व्हावयाचा तो झाला नाहीं. १८८६ सालींच मुंबईंत कामा रुग्णालय स्त्रियांसाठीं उघडलें. स्त्री डॉक्टरांनीं स्त्रियांना तपासावें यासाठीं तें होतें. ज्या दुखण्याचें नांव बाई परपुरुषापाशीं काढीत नव्हती, त्याच्या इतिहासांत अशा रुग्णालयाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

त्याच सुमारास विलायतेंत मँचेस्टर शहरीं आर्चिबाल्ड डोनाल्ड या शस्त्रवैद्यानें १८८८ पासून अंग बाहेर येण्यावर एक शस्त्रक्रिया सुरू केली. त्याचा सहकारी फॉदरगिल यानें तींत सुधारणा केली, आणि ती मँचेस्टरची किंवा फॉदरगिलची शस्त्रक्रिया म्हणून जगभर गेली. तींत गर्भाशयाच्या मुखाचा कांहीं भाग कापून टाकीत. चाळिशी उलटलेल्या, मुलेंबाळें झालेल्या स्त्रीला त्यानें मोठें सुख होई. परंतु मुंबईच्या रुग्णालयांत येणारी रोगी ही पुष्कळदां विशी-पंचविशीची असे. लवकर झालेलें लग्न, लवकर आलेलीं बाळंतपणें, अपुरें अन्न, आणि बाळंतपणानंतर लगेच कष्ट, यांमुळें जें दुखणें विलायतेंत उतारवयाचें तें येथें तरुणपणाचें झालें होतें. तिच्या गर्भाशयाचें मुख कापलें तर पुढचा गर्भ राहण्याची पंचाईत. आणि मूल नसलेल्या सुनेचे आपल्या समाजांत काय हाल होतात, हें श्रोत्यांना सांगण्याचें कारण नाहीं.

या अडचणींतून मार्ग काढणारे डॉक्टर विठ्ठल नागेश शिरोडकर हे गोमंतकांतील शिरोड्याचे. जन्म १८९९ चा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिक्षण घेऊन ते १९३१ सालीं इंग्लंडची एफ.आर.सी.एस. झाले, आणि पुढें त्याच कॉलेजांत स्त्रीरोगांचे प्राध्यापक म्हणून त्यांनीं अनेक वर्षें काम केलें. १९५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘टांक्या’मुळें, म्हणजे अकालीं उघडणारें गर्भाशयमुख बांधून गर्भ टिकविण्याच्या युक्तीमुळें, त्यांचें नांव जगांतील प्रत्येक प्रसूतिगृहांत पोंचलें आहे. त्या कीर्तीच्या छायेंत त्यांचें दुसरें काम झांकलें गेलें, याचें मला वाईट वाटतें. फॉदरगिलच्या शस्त्रक्रियेंत फेरफार करून गर्भाशयमुख न कापतां ती करण्याची पद्धत त्यांनीं बसविली. आणि त्यापुढें जाऊन, गर्भाशयाला मागच्या बाजूनें एक पट्टी बांधून ती त्रिकास्थीच्या वरच्या कडेला अडकविण्याची शस्त्रक्रिया त्यांनीं काढली. निसर्गानें दिलेलीं बंधनें सैल झालीं, तर तीं जेथें होतीं तेथेंच नवीं बंधनें घालावीं, असा त्यांतला साधा विचार आहे. करावयास ती सोपी नाहीं. आंतड्यांच्या मागें, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारीं टांका घालावा लागतो. पण गर्भाशय जागेवर राहतो आणि बाई पुन्हां आई होऊं शकते.

मुंबईचे दुसरे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. बी. एन. पुरंदरे यांनीं याच हेतूनें निराळी वाट धरली. पोटाच्या पुढील भिंतीच्या स्नायूंवरील बळकट आवरणाच्या पट्ट्या काढून त्यांनीं गर्भाशयमुख पुढून वर ओढून धरलें. त्यांचीहि शस्त्रक्रिया पाठ्यपुस्तकांत त्यांच्या नांवानें आहे. शिरोडकरांना १९६० सालीं पद्मभूषण आणि १९७१ सालीं पद्मविभूषण मिळालें. त्याच वर्षीं ते वारले. श्रोत्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं मुंबईच्या या वैद्यांची सारी बुद्धि, सारें कौशल्य, एका प्रश्नावर लागलें होतें : गरीब तरुण स्त्रीचें दुखणें जावें, पण तिचें गर्भाशय राहावें. पुढें जें सांगावयाचें आहे त्यासाठीं हें ध्यानांत असणें अवश्य आहे.

शस्त्र झालें, आतां व्यायाम. सैल झालेला स्नायु कसरतीनें बळावतो हें पहिलवानाला सांगावें लागत नाहीं. पण ही गोष्ट ओटीपोटाच्या तळालाहि लागू आहे हें वैद्यकाच्या लक्षांत यावयाला विसावें शतक उजाडावें लागलें. लंडनमध्यें सेंट टॉमस रुग्णालयाच्या मिनी रँडेल या परिचारिकेनें बाळंतिणींना व्यायाम शिकविण्यास आरंभ केला, आणि तिच्या मदतीला आली मार्गारेट मॉरिस ही नर्तकी! नाचणाऱ्या बाईला आपल्या शरीरांतला कोणता स्नायु कोठें आहे आणि तो कसा आवळतो, हें शस्त्रवैद्याहून अधिक कळलें असल्यास नवल नाहीं. १९३६ सालीं मॉरिसबाईंनीं बाळंतिणींच्या आणि शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामांवर पुस्तकच काढलें.

तथापि कीर्ति मिळाली ती अमेरिकेंतील लॉस एंजेलिसच्या डॉ. आर्नोल्ड केगेल यांना. त्यांचा प्रसिद्ध लेख १९४८ च्या ऑगस्ट महिन्याचा. योगायोग असा कीं त्याच्या पुढच्याच महिन्यांत निजामाचें राज्य संपून बीड जिल्हा स्वतंत्र हिंदुस्थानांत आला. केगेल यांचें वैशिष्ट्य असें कीं त्यांनीं नुसता व्यायाम सांगितला नाहीं, तो मोजला. हवेच्या दाबावर चालणारें एक लहान यंत्र त्यांनीं तयार केलें. तें आंत ठेवून बाईनें स्नायु आवळला कीं बाहेरच्या तबकडीवर कांटा सरकत असे, आणि आपली शक्ति आठवड्या-आठवड्याला कशी वाढते हें तिचें तिलाच दिसे. दिवसांतून तीन वेळां वीस वीस मिनिटें असा त्यांचा नेम होता. पुष्कळ स्त्रियांना हा स्नायु आपल्या शरीरांत आहे याचीच जाणीव नसते, आणि तोंडीं सांगितलें तर त्या पोट, मांड्या किंवा नितंब आवळतात. कांहीं जणी तर उलट खालीं जोर करतात. ही त्यांची जी तक्रार, तीच आज हा व्यायाम शिकविणारीचीहि असते.

येथें कोणी म्हणेल, यांत नवें तें काय? आमच्या हठयोगांत मूलबंध आणि अश्विनी मुद्रा आहेतच. आहेत खऱ्याच. स्वात्मारामाच्या हठयोगप्रदीपिकेंत टांचेनें शिवण दाबून, गुदद्वार आकुंचित करून अपान वर ओढण्याची जी क्रिया सांगितली आहे, ती याच स्नायूंची क्रिया होय. लोणावळ्यास १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनीं तर त्याच काळांत नौलीसारख्या क्रियांमध्यें आंतड्यांतील दाब किती उतरतो हें दाबमापक लावून मोजलें होतें, म्हणजे केगेलच्या सुमारें चोवीस वर्षें आधीं. पण अभिमानाच्या भरांत एक भेद विसरतां नये. हठयोग्याचा मूलबंध बाळंतिणीसाठीं नव्हता. तो ज्या ग्रंथांत होता तो तिच्या हातीं कोणी दिला नव्हता, आणि जो साधक तो करी त्याला अंग बाहेर येण्याची भीति नव्हती. ज्ञान देशांत असणें आणि तें गरज असलेल्या माणसापर्यंत पोंचणें या दोन गोष्टी आहेत.

या व्यायामाची योग्यता आतां चांचणीनें ठरली आहे. २०१४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तौलनिक प्रयोगांत, शिक्षिकेनें प्रत्येकीला स्वतंत्रपणें शिकविलेल्या व्यायामानें अंग उतरण्याचा त्रास कमी होतो, असें दिसून आलें. लघवी सुटण्यावर तर इंग्लंडचे सरकारी वैद्यकीय नियम प्रथम हाच उपाय सांगतात : रोज तीन वेळां, प्रत्येक वेळीं निदान आठ आकुंचनें, आणि असें निदान तीन महिने. औषध नाहीं, यंत्र नाहीं, खर्च नाहीं. मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. पूर्णपणें बाहेर आलेलें गर्भाशय व्यायामानें आंत जाणार नाहीं; तेथें रिंग किंवा शस्त्रक्रिया हवी. व्यायामाची वेळ त्याच्या पुष्कळ आधीं असते, आणि त्या वेळीं बाई बोललेली नसते.

ती किती बोलत नाहीं याचा अंदाज महाराष्ट्राला १९८९ सालीं आला. गडचिरोली जिल्ह्यांत काम करणाऱ्या डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं वसा व अमिर्झा या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि तिचे निष्कर्ष त्या वर्षींच्या ‘लॅन्सेट’मध्यें आले. शेंकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आणि त्यासाठीं पूर्वीं कधींहि तपासून घेतलेल्या स्त्रिया शेंकडा ८ होत्या. हे आंकडे प्रसिद्ध होईपर्यंत खेड्यांतील स्त्रीच्या आरोग्याचा विचार म्हणजे बाळंतपण आणि संततिनियमन एवढाच सरकारचा समज होता. या दोहोंच्या मधलें आणि पुढचें तिचें आयुष्य कोणाच्या वहींत नव्हतें.

आतां शिरूर कासारकडे वळूं. हा भाग डोंगराळ, हलक्या जमिनीचा आणि कमी पावसाचा. १९७२ च्या दुष्काळानंतर येथून ऊस तोडण्यास जाणाऱ्यांची संख्या वाढतच गेली, आणि शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, गेवराई, धारूर, वडवणी या सर्व बाजूंनीं दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून माणसें पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटक येथील साखर कारखान्यांकडे निघतात. या व्यवहारांत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ होतो. मुकादम त्या कोयत्याला आगाऊ उचल देतो. ती उचल कामानें फेडावयाची. माणसांचा हिशेब हत्याराच्या नांवानें होतो, एवढ्यावरून त्या हिशेबांत बाळंतपणाला जागा किती असेल हें कळावें. पुरुष तोडतो, बाई पाचट काढून मोळी बांधते, आणि तीस-चाळीस किलोंची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनांत चढते. दिवसांतून अनेक वेळां. पहांटेच्या अंधारांत उठावयाचें, कोपीपाशीं न्हाणी नाहीं, शौचालय नाहीं, म्हणून लघवी धरून ठेवावयाची आणि पाणी कमी प्यावयाचें. पाळीचे दिवस असोत कीं बाळंत होऊन थोडे आठवडे झालेले असोत, खाडा पडला कीं पैसे कापले जातात. ओटीपोटाच्या तळाला बिघडविण्यासाठीं कोणी मुद्दाम योजना केली असती तर याहून पुरी ती झाली नसती.

अशा बाईला पांढरें जातें, कंबर धरते, अंगावरून फार जातें, अंग उतरतें. ती हंगाम संपवून गांवीं येते आणि जवळच्या शहरांतील खाजगी दवाखान्यांत जाते. तेथें काय सांगितलें जाई हें २०१९ सालीं सर्व देशानें वाचलें. ‘पिशवी खराब झाली आहे, काढून टाका, नाहीं तर कॅन्सर होईल.’ त्या वर्षींच्या जून महिन्यांत आरोग्यमंत्र्यांनीं विधानपरिषदेंत सांगितलें कीं तीन वर्षांत बीड जिल्ह्यांतील ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयें काढण्यांत आलीं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति बसली. जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें निघालें. म्हणजे दर सहा स्त्रियांमागें एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांत हें प्रमाण महाराष्ट्रांत शेंकडा २.६ आणि देशांत शेंकडा ३.२ होतें. वयोगट अगदीं सारखे नसतील हें धरूनहि अंतर डोळ्यांत भरण्यासारखें आहे.

डॉक्टरांवर सर्व दोष टाकून मोकळें होणें सोपें आहे, पण तें पुरें सत्य नव्हे. बाईलाहि पिशवी नकोशी झालेली असे. पाळीच नाहीं म्हणजे खाडा नाहीं, असा हिशेब ती स्वतः करी. कधीं तो मुकादम सुचवी. एकदांच उचल घेऊन शस्त्रक्रिया केली कीं दरसाल दवाखान्याचे हेलपाटे नकोत, असेंहि तिला वाटे. परंतु तिला पुढचें कोणी सांगितलें नव्हतें. गर्भाशय काढल्यानें खालची झोळी बळकट होत नाहीं. मोळी तीच, फळी तीच, आणि तळ तितकाच सैल. तेव्हां कांहीं वर्षांनीं योनीचा वरचा भागच खालीं उतरूं शकतो, लघवी सुटणें तर चालूच राहतें. गर्भाशयाबरोबर बीजकोशहि काढले असतील तर तिशी-पस्तिशींतच म्हातारपणीचें हाडांचें दुखणें मागें लागतें. जें दुखणें जावें म्हणून पैसे भरले तें राहतें आणि वर कर्जाची उचल वाढते. ज्या राज्यांत शिरोडकरांनीं आणि पुरंदऱ्यांनीं तरुण स्त्रीचें गर्भाशय राखण्यासाठीं आयुष्य वेंचलें, त्याच राज्यांत त्यांच्या मागून दोन पिढ्यांच्या आंत तें काढणें हा सर्वांत सोपा उपचार होऊन बसला. ही घटना मला वैद्यकाच्या इतिहासांतील मोठी लाजिरवाणी घटना वाटते.

२०१९ नंतर कांहीं हालचाल झाली. केंद्रीय आरोग्य खात्यानें २०२२ सालीं अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रिया टाळण्यासाठीं मार्गदर्शक नियम काढले, आणि २०२३ च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयानें सर्व राज्यांना ते तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितलें. हे नियम काय करूं नये तें नीट सांगतात. शस्त्राला आळा बसला, पण ज्या दुखण्यासाठीं बाई शस्त्राकडे गेली तें दुखणें कोणी बरें करावयाचें, हा प्रश्न शिरूर कासारच्या बाईपुढें आहे तसाच राहतो.

त्याचें उत्तर फार दूरचें नाहीं. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयांत व्यायामोपचाराचें शिक्षण १९५२ च्या सुमारास, पोलिओच्या निमित्तानें सुरू झालें. त्या वेळीं लंगडणाऱ्या मुलांकडे सर्वांचें लक्ष होतें आणि तें योग्यच होतें. पण त्यामुळें आपल्याकडे व्यायामोपचार म्हणजे हातपाय, मान आणि गुडघे अशी समजूत बसली. ओटीपोटाच्या तळाचें काम शिकलेल्या तज्ज्ञ स्त्रिया आज मुंबई-पुण्यासारख्या शहरांत सांपडतात. तालुक्याच्या गांवीं तशी बाई मिळणें कठीण. परंतु व्यायाम शिकविण्यासाठीं प्रत्येक वेळीं मोठी पदवीच लागते असें नाहीं. गांवांतील आशा किंवा परिचारिका हिला एकदां नीट शिकविलें, तपासणींत स्नायु बरोबर आवळतो कीं नाहीं हें ओळखावयास शिकविलें, कोणती बाई पुढें रुग्णालयांत पाठवावयाची हें सांगितलें, कीं पुष्कळ काम होण्यासारखें आहे. शिकवितांना शब्दहि साधे हवेत. ‘लघवी मधेंच अडवल्यासारखें आंतून वर ओढा, पांच अंक मोजा, सोडा, श्वास कोंडूं नका, पोट आवळूं नका,’ एवढें कोणालाहि कळतें. मात्र हें केवळ स्नायु ओळखण्यासाठीं. रोज लघवी करतांना ती अडवून व्यायाम करूं नये, त्यानें अपाय होतो. आणि मोळी उचलण्याच्या क्षणीं आधीं हा तळ आवळावा, मग ओझें घ्यावें, ही एक संवय लागली तरी कितीतरी हानि टळते.

राहिला प्रश्न वेळेचा. तीन महिने नेमानें व्यायाम झाला पाहिजे असें शास्त्र सांगतें, आणि हंगामांत कोपीवर तो होणार नाहीं हें उघड आहे. परंतु ऊसतोडीच्या टोळ्या उन्हाळ्यांत, बहुधा एप्रिल-मे महिन्यांत, गांवीं परततात. पेरणीचा काळ सोडला तर दसऱ्यापर्यंत ही बाई शिरूर कासारच्या परिसरांत आपल्या घरीं असते. आषाढ, श्रावण आणि भाद्रपद हे ते तीन महिने. तपासणी, शिकवणी आणि पुन्हां तपासणी, सर्व या अवधींत बसतें. आश्विनांत मुकादमाच्या गाड्या पुन्हां येतात.